लाखेनं बंद केलेला डबा

पोस्टात लाख वितळल्याचा वास आला की तो डबा आठवतो. संयुक्त महाराष्ट्राची चळवळ जोरात होती आणि आम्ही नुकतेच बौद्ध झालो होतो. लाखेनं बंद केलेला डबा घेऊन मी डिलाईल रोडच्या चाळींत कॅन्सरच्या रुग्णांसाठी वर्गणी मागत होते. "चळवळीसाठी ना?" म्हणत बायका पुढे यायच्या, आजाराचं नाव आणि माझं आडनाव ऐकलं की डब्याला बोट न लावता वरूनच आणा टाकायच्या. हे आजारामुळे की माझ्या जातीमुळे, मला कळायचं नाही. शेवटच्या खोलीतल्या बाईनं मात्र डबा दोन्ही हातांनी धरला. "मलाही तेच झालंय," ती हळूच म्हणाली, "घरात अजून सांगितलं नाही." मी नुसती मान हलवून जिना उतरले. कुणीतरी डबा हातात घेतला, याचाच मला तेव्हा आनंद झाला होता, हे आज लिहिताना बरं वाटत नाही.