समोर बसून कुटलेली चटणी

माझी विद्यार्थ्यांची मेस आहे. मेसला वर्षाला वीस किलो चटणी लागते आणि ती उन्हाळ्यात एकदाच करावी लागते. बाहेरच्या माणसाने तिला मसाला म्हणावं, कोल्हापुरात ती चटणीच. मिरच्यांचे देठ काढायला दोन दिवस, ऊन दाखवायला दोन दिवस, खोबरं-तीळ-धणे भाजायला एक. मग डबे भरून डंकावर. डंक म्हणजे मोटारीवर चालणारी लोखंडी मुसळं. ओळीने उखळं, त्यात एकामागून एक मुसळ आपटत असतं. शेजारच्या बाईशी बोलायचं तरी ओरडावं लागतं.

डंकावर बायका आपल्या मिरचीसमोर बसून राहतात. नाकाला पदर, डोळ्यांत पाणी, शिंकांवर शिंका, तरी उठत नाहीत. आपली मिरची दुसरीच्या मिरचीत जाऊ नये, चाळून झालं की आपलंच आपल्या डब्यात यावं, एवढाच हेतू. मी मात्र बसत नसे. पंधरा वर्षं एकाच डंकावर जात होते. तो चालवणारे चाचा आणि त्यांची बायको, जिला सगळे चाची म्हणतात, दोघांची मला खात्री होती. सकाळी डबे ठेवायचे, संध्याकाळी न्यायचे. मेस चालवणाऱ्या बाईला चार तास शिंकत बसायला वेळ नसतो.

तीन वर्षांपूर्वीची गोष्ट. दुसऱ्या दिवशी माझा नंबर होता. सकाळी अकराला दुपारच्या जेवणाचा कांदा चिरत होते. फोन ओट्यावर उभा होता. कुठल्याशा ग्रुपवर एक व्हिडिओ आला. एका शेडमध्ये एक माणूस मशीनमध्ये लाल भुकटी ओततोय आणि खाली लिहिलेलं, मिरचीत रंग आणि विटेचा भुगा. आवाज बंद होता. अर्धा बघितला असेल. हात पुसला आणि गल्लीतल्या बायकांच्या ग्रुपवर पाठवून दिला. वर एक ओळ माझी घातली: 'बायांनो, चटणी कुटताना समोर बसा.' कुणाचं वाईट करायचं मनात नव्हतं. दिवस चटणीचे होते, बायकांच्या उपयोगी पडेल असं वाटलं. परत कांदा चिरायला लागले.

तीन वाजता शेवटची पंगत उठली आणि शेजारणीचा फोन आला.

"बरं झालं बाई तू सांगितलंस. मी माझी मिरची चाचाकडनं परत घेऊन आलो."

"चाचाकडनं का?"

"अगं, तूच पाठवलंयस न्हवं?"

मी फोन उघडला. तोच व्हिडिओ दुसऱ्या तीन ग्रुपांवरून माझ्याकडे परत आला होता. वर माझी ओळ जशीच्या तशी होती. तिच्याखाली कुणीतरी भर घातली होती: 'हा आपल्या भागातल्या चाचाचा डंक. भेसळ पकडली. आपल्या माणसांकडंच कुटून घ्या.' मी माझ्या ग्रुपवरचा मेसेज पुसला. त्याने काही होणार नव्हतं, हे पुसतानाच कळत होतं. स्कूटर काढली.

डंकाच्या कोपऱ्यावर वळले आणि आवाज आला नाही. सीझनच्या दिवसांत चार वाजता डंक बंद, हे मी कधी पाहिलं नव्हतं. एरवी दहा-बारा बायका असतात. त्या दिवशी एकच होती, मुरगूडकडची एक आक्का, लेकीची चटणी करायला आलेली. तिची कुटून झाली होती आणि चाची ती डब्यात भरत होती. चाचा मशीनजवळ स्टुलावर बसले होते.

"वहिनी, तुमचा नंबर उद्या हाय," ते म्हणाले. "का तुम्हीबी न्हाय म्हणून सांगायला आलायसा?"

"तसं नाही, चाचा."

"दुपारपासनं नऊ जणी आपापली पोती उचलून गेल्या. तोंड उघडून कोण बोललं न्हाय." त्यांनी फोन माझ्यापुढे धरला. "हे बायांनो म्हणून कुणी लिवलंय, वळकतासा काय?"

खरं सांगते, पहिलं सुचलं ते 'माहीत नाही' हेच. तेवढ्यात बाहेर मोटारसायकली थांबल्या.

तीन गाड्या, सहा पोरं. विशी-पंचविशीची. एकाने फोन आधीच उभा धरला होता आणि आत येता येताच बोलायला लागला, "मित्रांनो, हाच तो डंक." दुसऱ्याने दारात ठेवलेला आक्काचा डबा पायाने सरकवला. डबा आडवा झाला आणि चटणी फरशीवर सांडली.

"आरं ए मुडद्या!" आक्का उठून उभी राहिली. "वरसाची चटणी हाय ती! तुझ्या बानं भाजल्याय व्हय?"

"आक्का, इख हाय त्यात. कलर टाकत्यात."

"कवा टाकला? सकाळच्यान मी हितंच बसल्याय, बूड हलवलं न्हाय."

पोराचं तिच्याकडे लक्ष नव्हतं. "चाचा, पोती काढा बाहेर. भुकटी कुठं ठेवल्याय?"

चाचा उठले. काही बोलले नाहीत. मेन स्विचपुढे जाऊन उभे राहिले, एवढंच. मला त्याची जास्त भीती वाटली. ओरडणाऱ्या माणसाला लोक ओरडून उत्तर देतात. गप्प माणसाला ढकलतात. दारात आता रस्त्यावरची माणसंही जमायला लागली होती.

सहांतला एक माझ्या मेसचा निघाला. मला बघून त्याचा चेहरा उतरला.

"काकू, तुम्ही बाजूला व्हा की."

"का? दोन वर्षं माझ्याकडं जेवतोयस. ती चटणी कुठली वाटली तुला? हितलीच. आणि रस्सा वाढा रस्सा वाढा म्हणून वाटी पुढं करतोस."

दारातलं कुणीतरी हसलं. फोन धरलेल्या पोराला ते आवडलं नाही. त्याने फोन माझ्या तोंडासमोर आणला.

"बरं काकू, तुम्हीच सांगा. तुम्ही समोर बसून कुटून घेता काय? डोळ्यांनी बघितलंय काय?"

हो म्हणाले असते तर तिथल्या तिथे प्रकरण मिटलं असतं. चाचा माझ्याकडे बघत होते. पण माझे डबे ठेवून मी जाते, हे गल्लीतल्या प्रत्येक बाईला माहीत होतं. संध्याकाळपर्यंत ते उघडं पडलं असतं आणि मग चाचांचं काहीच खरं राहिलं नसतं.

"नाही," मी म्हणाले. "मी बसत नाही. डबे ठेवून जाते."

"बघा! बघा मित्रांनो!"

"ओरडू नकोस. तो व्हिडिओ लाव. माझा नको, भेसळीचा."

"कशाला?"

"लाव की. भितोस काय?"

त्याने दुसऱ्याचा फोन घेऊन लावला. सगळे वाकले. मीही तो पहिल्यांदाच नीट बघत होते. वरून ओतायचं, खालून पीठ पडायचं, असं पिठाच्या गिरणीसारखं मशीन होतं. भिंतीवर काहीतरी लिहिलेलं दिसत होतं, ते आपल्या लिपीतलं नव्हतं.

"आता ह्यात मला मुसळ दाखव," मी म्हणाले. "हे बघ, हितं किती मुसळं हायत. त्यात एक तरी दाखव."

त्याने व्हिडिओ मागे नेला, पुढे नेला. बोटांनी मोठा केला. मेसचं पोरगं मशीनकडे बघत होतं, मग फोनकडे.

"मुसळ न्हाय राव ह्यात," ते म्हणालं.

"आत दुसरं मशीन असंल," डबा पाडणारा म्हणाला.

"जा, बघून ये," चाची पहिल्यांदाच बोलली. "चप्पल काढून जा. आत माझी चूल हाय."

तो गेला. चप्पल काढून गेला. आत एक खोली, एक मोरी आणि शेगडी. तो बाहेर आला आणि चप्पल घालायला लागला, तेव्हा त्याला पट्टा सापडेना.

"पण मेसेज तर गल्लीतनंच आलाय," फोनवाला म्हणाला. आवाज आता खालचा होता.

"फोन धर इकडं. चालू आहे ना? ते बायांनो मी लिहिलंय. सकाळी कांदा चिरत होते. व्हिडिओ अर्धाच बघितला आणि पाठवला. डंकाचं नाव मी घातलेलं नाही, कुणी घातलं ते मला ठाऊक नाही. पण सुरुवात माझी. आता हे टाक सगळीकडं."

आक्का मला वरपासून खालपर्यंत बघून म्हणाली, "भलतीच शाणी गं तू." चाचांनी माझ्याकडे बघितलं नाही.

पोरं गेली. माफी कुणी मागितली नाही. मेसच्या पोराने जाताना डबा तेवढा उभा करून ठेवला. चाचीने वरची चांगली चटणी अलगद भरून घेतली, खालची झाडून टाकली आणि आक्काची तूट आपल्या घरच्या डब्यातून भरून दिली. मी मदतीला वाकले, तर चाची म्हणाली, "ऱ्हाऊ दे, वहिनी."

माझा व्हिडिओ त्या पोराने टाकला की नाही, कळलं नाही. माझ्याकडे तो कधीच परत आला नाही. खरं काय ते मी प्रत्येक ग्रुपवर लिहिलं. दोन अंगठे आले आणि एक उत्तर: 'तरी सावध राहिलेलं बरं.' परत नेलेल्या नऊ पोत्यांपैकी चार त्या उन्हाळ्यात चाचांकडे आली. बाकीची दुसरीकडे गेली.

दुसऱ्या दिवशी मी माझ्या नंबराला डबे घेऊन गेले. नेहमीसारखे कोपऱ्यात ठेवले आणि निघाले.

"ठेवून जाऊ नका," चाचा म्हणाले.

"चाचा, मेसचं जेवण..."

"समोर बसा. तुम्हीच लिवलंय न्हवं."

चाचीने स्टूल आणून ठेवलं. मी बसले. चार तास लागले. पोरांचं जेवण दीड तास उशिरा झालं आणि त्यांची बोलणीही खाल्ली.

तेव्हापासून दर उन्हाळ्यात बसते. यंदाही बसले. चाचा बोलतात, घरचं विचारतात, चहाही मागवतात. पण शेवटचा घाणा झाला की मोटार बंद करतात, उखळ झाडून रिकामं करतात आणि मला हाक मारतात, "या, बघून घ्या." मी उठते, वाकते आणि बघते.