चाल कुणाची?

आमच्या रॉक बँडमध्ये तीन माणसं होती आणि लांब केस एकाचेच होते. ते गिटारवाल्याचे. ढोलवाल्याला वडिलांनी केस वाढवू दिले नाहीत आणि माझे वाढले की खाली न येता आडवे जात. पण नव्वद-एक्क्याण्णव सालच्या जालन्यात रॉक म्हणजे नेमकं काय हे ठरवणारे आम्ही तिघंच होतो. त्यामुळे आम्हाला खोटं पाडणारं कुणी नव्हतं.

गिटारवाला बियाण्याच्या दुकानदाराचा मुलगा. त्याचा पुण्याचा मावसभाऊ त्याला परदेशी बँडच्या कॅसेटी पाठवायचा. त्या तो खिडक्या लावून, चप्पल बाहेर काढून ऐकायचा. बँड काढला त्याच दिवशी त्यानं नियम सांगितला होता.

"आपण ऑर्केस्ट्रा न्हाई. ऑर्केस्ट्रावाले दुसऱ्याचं गाऊन राह्यले. आपण आपलंच गायचं. ज्या दिवशी उसनं गायलं, त्या दिवशी मी गिटार घेऊन घरी."

गिटार एकच होती. म्हणजे ती घरी गेली की बँडही घरी.

मी गाणारा, म्हणून गाणं रचायचं काम माझ्याकडे आलं. आणि एके दिवशी आमच्या मस्तगडच्या गल्लीतून पंक्चर सायकल ढकलत येताना मला चक्क चाल सुचली! आधी चाल, मग शब्द. गाण्याचं नाव 'धूळ'. 'धुळीत जन्मलो, धुळीत हिंडलो, झटकू नका मला' अशी त्याची सुरुवात होती. आज हसू येतं, पण तेव्हा ते म्हणताना माझ्याच अंगावर काटा यायचा. गिटारवाल्यानं ऐकलं आणि मला मिठी मारली. "तू रचनाकार आहेस," तो म्हणाला. मला त्याआधी कुणी साधं हुशारही म्हटलं नव्हतं. त्या एका शब्दावर मी महिनाभर तरंगत होतो.

कॉलेजच्या गॅदरिंगमध्ये आम्हाला दहा मिनिटं मिळाली. गाण्याच्या स्पर्धेची अट होती: रचना स्वतःची हवी. आम्ही छाती पुढे काढून सही केली.

राहिला तालमीचा प्रश्न. मस्तगडात आमच्या घरी पहिली तालीम झाली, तेव्हा शेजारच्या काकू डोक्यावर पदर घेऊन, चेहरा पाडून आल्या आणि आईला हळूच विचारू लागल्या, "कोण गेलं?" म्हणून आम्ही गिटार आणि ढोल एसटीत घालून केदारखेड्याला माझ्या मामांकडे गेलो. मामांची कापूस ठेवायची खोली होती. शहरातले स्टुडिओवाले आवाज बाहेर जाऊ नये म्हणून भिंतींना काहीबाही लावतात म्हणे. आमच्याकडे छतापर्यंत कापूसच होता.

मामा शेतकरी आणि गावच्या भजनी मंडळाचे पेटीवाले. आमची तालीम सुरू झाली तसे ते हातातलं दावं विसरून दारात उभे राहिले. दोन ओळी झाल्या. मामांचं डोकं हलू लागलं. मी गिटारवाल्याला डोळ्यानंच खुणावलं: बघ, खेड्यातल्या माणसालाही रॉक पोचतो!

गाणं संपलं. मामा म्हणाले, "झकास. चाल कुणाची?"

"माझी."

"आँ?"

"माझी, मामा. मला सुचली."

मामा एवढे हसले की दावं खाली पडलं. "भाचेराव, पाळण्यात सुचली का काय? अहो, पाच वर्षांचे होता तेव्हा सुट्टीत यायचे अन् माझ्या पेटीला टेकून झोपून जायचे. तीच चाल हाय ही. एकादशीच्या भजनाची."

"असं कसं असेल?"

मामांनी वाद घातला नाही. पेटी आणली आणि वाजवली. माझी अख्खी चाल निघाली. वर एक अंतराही निघाला, जो मला अजून सुचायचा होता. इथं यायला उशीर झाला असता तर पुढच्या आठवड्यात तोही मी रचलाच असता.

मी बुडत्यासारखे हातपाय मारले. "पण मामा, ओळीच्या शेवटी तुम्ही सूर लांबवता. मी तिथं वर उडी मारतो!"

"ते दम पुरत न्हाई म्हणून."

ते खरं होतं. ढोलवाला कापसात तोंड खुपसून हसत होता. गिटारवाला हसत नव्हता. तो गिटार खोळीत घालत होता.

"थांब रे पोरा," मामा त्याला म्हणाले. "घरी कशाला निघाला?"

"मामा, चोरीचं आम्ही गात न्हाई."

"चोरी कशी? आमची वही बघ." मामांनी मंडळाची जाड वही काढली. प्रत्येक भजनाच्या डोक्यावर एक ओळ होती: 'चाल' आणि पुढे ती कुठून घेतली ते. कुठे सिनेमातलं गाणं, कुठे भोकरदनचे मास्तर, एका ठिकाणी लग्नातला बँड. जिथून उचललं ते सगळं उजळ माथ्यानं लिहिलेलं. माझ्या चालीच्या डोक्यावर होतं: 'चाल: शहागड, ट्रकवाला. नाव विचारायचं राहिलं.'

"पुलापाशी हाटेलात बसला होता," मामा म्हणाले. "चहा पिता पिता गुणगुणून राह्यल्ता. मी चाल घोकत बसलो अन् तेवढ्यात ट्रक निघून गेल्ता. सतरा वर्षं झाली, मनाला लागून हाय. तुम्ही बी गा की. फक्त चाल कुणाची ते सांगा अन् मंग गा. आम्ही मंडळ घेऊन येऊ ऐकायला."

"यायची काय गरज," मी म्हणालो.

"बिलकुल येणार," मामा म्हणाले.

परतीच्या एसटीत गिटारवाला गिटार मांडीवर घेऊन बसला होता. स्टँडवर उतरताना म्हणाला, "स्टेजवर तू सांगायचं. न्हाई सांगितलंस तर दुसऱ्या ओळीला मी गिटार खाली ठेवीन." मला सांगा, जगात कोणता रॉक गायक माईकवर येऊन आधी मामाचं नाव घेतो? पण न घ्यावं तर बँड तिथंच संपणार. आणि घ्यावं तर रचनाकार संपणार.

गॅदरिंगच्या दिवशी भर दुपारी मांडवात तिसऱ्या रांगेत बारा पांढऱ्या टोप्या बसल्या होत्या. मी काळा चष्मा लावून माईकपाशी गेलो. टोप्या दिसल्या. चष्मा काढला.

"गाण्याचं नाव 'धूळ'," मी म्हणालो. "शब्द माझे. चाल... चाल केदारखेड्याच्या माझ्या मामांची. आणि त्यांच्या आधी शहागडच्या एका ट्रकवाल्याची."

मांडव हसून हसून कोसळला. मागून कुणीतरी ट्रकचा हॉर्न काढला. परीक्षक सरांनी हात वर केला, पण ते काही बोलायच्या आत गिटारवाला मला बाजूला सारून माईकपाशी आला. त्याचे कान लालबुंद झाले होते.

"सर, मधला गिटारचा तुकडा माझा न्हाई. तो परदेशी कॅसेटीतला हाय. दुसरी बाजू, तिसरं गाणं."

मी त्याच्याकडे बघतच राहिलो. हाच तो नियमवाला! तेवढ्यात ढोलवालाही पुढे आला. आता मागे कसं राहायचं, म्हणून. "ठेका वरातीच्या बँडचा हाय, सर. नवरदेव घोड्यावरून उतरतो तेव्हाचा."

सर टेबलावर रेलून म्हणाले, "मग तुमचं यात आहे काय?"

ढोलवाल्यानं प्रामाणिकपणे विचार केला. "घाम, सर."

आम्ही स्पर्धेतून बाद झालो. दहा मिनिटं मात्र सरांनी काढून घेतली नाहीत. आम्ही गायलो. तिसरी रांग निम्म्या वेगानं टाळ्या देत होती, तरी आमच्या ठेक्याशी कुठंतरी गाठ पडत होती. ओळीच्या शेवटी मी वर उडी मारली आणि खालून मामांनी आपला तो लांब सूर धरला, बसल्या जागेवरून, माईकशिवाय. मी कितीही ओरडलो तरी माझ्यापेक्षा तोच जास्त ऐकू गेला. बँड वर्षभर टिकला. मग परीक्षा आल्या आणि रॉक संपला.

गिटारवाला आता वडिलांच्या दुकानात बसतो. दुकानात कॉम्प्युटर आला, तसा तो बियाणं विकायचं सोडून जुनी गाणी शोधू लागला. एक दिवस मला बोलावून त्यानं एक खरखरीत रेकॉर्ड ऐकवली. अमेरिकेतल्या कापसाच्या मुलखातला कुणी आंधळा गवई, त्याच्या परदेशी देवांच्याही आधीचा. त्यात आमच्या 'धूळ'मधला तो गिटारचा तुकडा जसाच्या तसा! "बघ," तो म्हणाला, "आपल्या देवांनीपण उचललंच होतं. अन् जाणत्यानं ओळखावं म्हणून मुद्दाम उघडं ठेवलं होतं." त्याला एवढं हलकं झालेलं मी कधी पाहिलं नव्हतं.

ते सांगायला मी केदारखेड्याला गेलो. मामा थकले होते. चार पावलं चालले की थांबत. मी आंधळ्या गवयाची गोष्ट सांगितली. मामांनी एवढंच विचारलं, "नाव लिहिलं का त्याचं?"

"उशिरा लिहिलं म्हणे."

"लिहिलं ना. बराबर." मग त्यांनी पेटी ओढली आणि ती जुनी चाल धरली. ओळीचा शेवट आला. मी त्यांच्या लांब सुराची वाट बघत होतो. सूर आला नाही. मामांनी वर उडी मारली.

"मामा! हे तर..."

"आता दम पुरत न्हाई," मामा म्हणाले आणि वही माझ्याकडे सरकवली.

ट्रकवाल्याच्या ओळीखाली नव्या शाईनं लिहिलं होतं: 'शेवटची उडी: भाचा, जालना.'