नाटकातली रात्र कोणाची

धुळ्याच्या नाट्यगृहात पडदा वर गेला आणि दोन मिनिटांत मी खुर्चीत पुढे सरकलो. रंगमंचावर रात्र होती. केळीच्या बागेत एक माणूस फावड्याने पाणी वळवत होता आणि त्याची बायको त्याच्या पायाशी बॅटरीचा उजेड धरून उभी होती. तो म्हणाला, "केवढा अंधार!" आणि ती हसून म्हणाली, "अंधार मोठा नही, आपली बॅटरी धाकली शे."

हे वाक्य माझं होतं. म्हणजे माझ्या आईचं. आमची शेती चोपड्याजवळ होती. लाईट रात्रीच यायची, त्यामुळे पाणी रात्री भरावं लागे. आईवडिलांच्या त्या रात्रींवर मी एकांकिका लिहिली होती आणि तिच्या तालमी जळगावात अजून सुरूही व्हायच्या होत्या. संहितेची वही माझ्याखेरीज एकाच माणसाने पाहिली होती. तो माझा मित्र, आमच्या नाट्यसंस्थेची प्रकाशयोजना करणारा. त्याने ती आठ दिवस घरी ठेवली होती.

मी पुढचं नाटक पाहिलं ते चोर पकडायच्या नजरेने. माझ्या नाटकात जोडपं शेतमालकाचं होतं, इथे मजुरांचं. मालकाचं घर लांब कुठेतरी, दिवे मालवलेलं. चोरी लपवायला केलेला बदल, मी मनात म्हटलं. मग उजेडाकडे लक्ष गेलं. सगळे रात्र दाखवायला दिव्यांवर निळा कागद लावतात. इथे निळं काहीच नव्हतं. फक्त एक पिवळट ठिपका आणि भोवती काळोख. "रात्र कुठे निळी असते?" असं म्हणणारा माणूस मला एकच माहीत होता.

नाटक संपल्यावर तो विंगेतूनच बाहेर आला. मला पाहून थबकला.

"तू इथे कसा?" मी विचारलं.

"यांचे लाईट केले. तुला सांगणारच होतो."

"आणि वहीसुद्धा दिलीस?"

त्याला आधी कळलंच नाही. कळलं तेव्हा त्याचा चेहरा उतरला. "दुसऱ्या संस्थेचं काम केलेलं तुला आवडणार नाही म्हणून ते लपवलं, हे खरं. वही मी कोणाला दाखवली नाही."

"एवढं लपवलंस, मग तेही लपवणारच."

आजूबाजूला माणसं होती. मी 'चोर' हा शब्द उच्चारला आणि तो बऱ्यापैकी मोठ्याने उच्चारला. त्याने वायरची वेटोळी खांद्यावर टाकली आणि निघून गेला.

लेखिका एक तरुण शिक्षिका होती. मी तिला गाठलं. ते वाक्य कुठून घेतलं असं विचारल्यावर ती म्हणाली, "माझ्या आईचं आहे." गावाचं नाव विचारलं, तर तिने आमच्याच गावाचं सांगितलं. माझा संशय कमी व्हायच्याऐवजी वाढला. यांनी सगळी तयारी करून ठेवली आहे, असं वाटलं.

पुढच्या रविवारी मी एसटीने गावी, तिच्या घरी गेलो. तिची आई ओट्यावर शेंगा निवडत होती. मी वडिलांचं नाव सांगताच तिने मला ओळखलं. आमच्या वावरात ती आणि तिचा नवरा कित्येक वर्षं कामाला होते. मला ती अंधुकही आठवत नव्हती.

मी सरळ विचारलं, "माझी आई रात्री बॅटरी धरायची ना?"

ती हसली. "तुनी माय? ती रातले वावरमा कधी उनीच नही, भाऊ. तू धाकला व्हता, तुले लिसन ती घरच ऱ्हाये. बॅटरी मी धरू."

"आणि वडील?"

"मोटर चालू करी अन् निंघी जायेत."

म्हणजे बॅटरी धरायची ती आणि पाणी वळवायचा तिचा नवरा. मग ते वाक्य माझ्या आईच्या तोंडी कसं? तेही तिनेच सांगितलं. सकाळी दोघं आमच्या ओट्यावर चहा प्यायला बसत, रात्रीच्या गमती सांगत. माझी आई ऐकायची आणि हसायची. पुढे कधीतरी तिने ते घरात म्हटलं असेल, मी ऐकलं असेल, आणि त्याभोवती मी अख्खी रात्र रचली. त्या रात्रीत वडील होते, आई होती, साप होता, चिखल होता. राबणारी दोन माणसं तेवढी नव्हती.

ही बाई खोटं तर बोलत नसेल, असंही येताना गाडीत मनात आलं. त्या विचाराची लाज वाटली, तरी तो जळगाव येईपर्यंत गेला नाही. घरी आल्यावर मोठ्या बहिणीला फोन केला. "अक्का, आई रात्री शेतात जायची का गं?" ती एवढंच म्हणाली, "आता कशाला विचारतोस ते?"

मी मित्राच्या वीज-दुरुस्तीच्या दुकानात गेलो, सगळं सांगितलं, माफी मागितली. तो एक जुना पंखा उघडून बसला होता.

"माफ केलं," तो म्हणाला. "पण वीस वर्षांत तुझी एकही वस्तू माझ्याकडून हरवली नाही. तरी पहिलं बोट माझ्याकडेच का गेलं?"

माझं नाटक मी मागे घेतलं. तो अजून आमचे लाईट करतो, वेळेवर येतो, काम चोख करतो. तालीम संपल्यावर चहाला मात्र थांबत नाही.