लाइन गेली, विकेट गेली

रविवार, २ नोव्हेंबर. मुलींची वर्ल्डकप फायनल बघत मी साड्यांना इस्त्री करत होते. ऐन रंगात फक्त आमच्याच घरची लाइन गेली; टीव्ही, इस्त्री, दिवे सगळंच बंद. बिल्डिंगच्या ग्रुपवर मी घाईत एवढंच टाकलं, "गेली!" नेमकी तेव्हाच आफ्रिकेची विकेट गेली. ग्रुपवर नुसता धिंगाणा!

"वहिनी, अजून एकदा टाका नं!" शेजारणीने लिहिलं.

"अहो, आमची लाइन गेली. मॅच बघायला तुमच्याकडे येते."

"काहून येता? तिथंच अंधारात बसा! तुम्ही हलल्या तर मॅच जाईल."

मग काय, हसत बसले आणि मोबाइलवर स्कोअर बघत दर ओव्हरला "गेली" टाकत राहिले. शेवटची विकेटही गेली, फटाके वाजले. मला मात्र काहीच दिसलं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी फ्यूज बदलून घेतला आणि हायलाइट्स लावून उरलेली इस्त्री उरकली.