व्यत्यास गृहीत धरला

लिहिण्याचा मला अधिकार नाही, हे आधीच कबूल करते. आयुष्यभर मी दुसऱ्यांनी लिहिलेले तपासत आले. स्वतः चार ओळी लिहून त्या लोकांपुढे ठेवण्याचे धाडस ऐंशीच्या उंबरठ्यावर प्रथमच करीत आहे. या आगाऊपणाबद्दल वाचकांनी क्षमा करावी. ज्यांच्याविषयी लिहायचे ते आमचे भूमितीचे शिक्षक आज असते, तर त्यांनी माझ्या पहिल्याच वाक्याखाली तांबडी पेन्सिल ओढून विचारले असते, "अधिकार नाही, हे सिद्ध केलंस का?"

ठाण्याच्या आमच्या शाळेत त्यांना मुले 'तिरके मास्तर' म्हणत. त्यांची काळी टोपी थोडी कललेली असे हे खरे, पण नाव पडले ते फळ्यावरच्या रेषांमुळे. मास्तर समांतर रेषा काढीत त्या कधीच समांतर नसत. एक खिडकीकडे निघाली, तर दुसरी दाराकडे. हात वळत नव्हता असे मुळीच नाही. वर्तुळ ते मोकळ्या हाताने बांगडीसारखे काढीत. एखादा नवा विद्यार्थी न राहवून म्हणे, "सर, या रेषा पुढे भेटतील!" मास्तर त्याचीच वाट पाहत असत.

"कुणी सांगितलं?"

"दिसतंय ना, सर."

"दिसतंय त्यावर विश्वास ठेवायचा, तर भूमिती कशाला शिकतोस? पक्षात काय दिलंय ते वाच. रेषा समांतर आहेत असं दिलंय ना? मग आहेत."

पक्ष म्हणजे जे दिलेले आहे ते, आणि साध्य म्हणजे जे दाखवून द्यायचे आहे ते. या दोहोंची गल्लत मास्तरांना खपत नसे. एकदा तपासणीसाठी आलेल्या साहेबांनी त्या रेषा पाहून मेजावरची पट्टी त्यांच्यापुढे केली. मास्तरांनी ती अदबीने घेतली, तिच्या आधाराने आणखी एक तिरकी रेषा नीट आखली आणि "आभारी आहे" म्हणून पट्टी परत दिली.

नववीत समांतर रेषांची प्रमेये आली, तेव्हा मास्तरांना खरी उमेद चढली. दोन समांतर रेषांना तिसरी रेषा छेदते, तेव्हा व्युत्क्रम कोन समान होतात, हे प्रमेय. व्युत्क्रम कोन समान असले, तर त्या दोन रेषा समांतर असतात, हा त्याचा व्यत्यास. आम्हांला दोन्ही एकच वाटत. मास्तर म्हणत, "प्रमेय हे घरचं माणूस. व्यत्यास म्हणजे जावई. त्याला वेगळं बोलावणं गेल्याशिवाय तो येत नाही." बोलावणे म्हणजे स्वतंत्र सिद्धता. ती न देता, किंवा प्रमेयाच्या जागी व्यत्यास आणि व्यत्यासाच्या जागी प्रमेय वापरून कोणी उत्तर लिहिले, की तांबड्या पेन्सिलीचा ठरलेला शेरा पडे: 'व्यत्यास गृहीत धरला.'

"मिठागरात राबणाऱ्याच्या टाचांना भेगा पडतात," ते एकदा म्हणाले. "खरं ना, जनी?"

जनी माझ्या मागच्या बाकावर बसे. तिचे वडील कोपरीच्या मिठागरात कामाला होते. "खरं, सर. बापसाच्या टाचांत चार आण्याचं नाणं राहील."

"मग भेगा दिसल्या, की तो माणूस मिठागरातला?" असे म्हणून मास्तरांनी वहाण काढली आणि सगळ्या वर्गाला स्वतःची टाच दाखवली. ती पाहून पोरे हसून लोळली. जनी मोठ्याने म्हणाली, "सर, तुमाला बापूस उद्याच कामावर घेईल!" सर्वांत जास्त मास्तरच हसले.

मी हसले नसेन. मला चारचौघांत हसायचीही भीती वाटे. हजेरीच्या वेळी माझा 'हजर' मास्तरांपर्यंत पोहोचत नसे, जनीच मागून ओरडे, "आलीय, सर!" मी बोलत असे ती एकट्या जनीशी. तिला भूमिती उमगत नव्हती, आणि सहामाहीत नापास झाली तर वडील शाळेतून काढणार हे ठरलेले होते. म्हणून मधल्या सुट्टीत पाण्याच्या खोलीमागच्या भिंतीवर मी कोळशाने आकृत्या काढून तिला शिकवी. सारा वर्ग आकृतीला अ, ब, क, ड अशी अक्षरे देई. मला का कोण जाणे, त, थ, द, ध आवडत.

सहामाहीचे पेपर मिळाले त्या शुक्रवारी मास्तरांनी आम्हां दोघींना उभे केले. चौकोनाचे कर्ण एकमेकांना दुभागतात, तर समोरासमोरच्या बाजू समांतर आहेत असे दाखवा, हा प्रश्न होता. आम्ही दोघींनी त्या बाजू आधीच समांतर धरून कोन समान ठरवले होते, आणि कोन समान म्हणून बाजू पुन्हा समांतर ठरवल्या होत्या. दोघींची वाक्ये तीच, आणि अक्षरेही तीच: त, थ, द, ध.

"नक्कल करणाऱ्यांच्या चुका सारख्या असतात," मास्तर म्हणाले. "कुणी कुणाचं पाहिलं?"

"देवाशपथ, सर, आमी नाय बघितलं," जनी म्हणाली.

"आणि तू?"

माझ्या तोंडून शब्द फुटेना. पाण्याची खोली, भिंत, कोळसा, सगळे डोळ्यांपुढे होते.

"अपराधी माणसाची वाचा बसते," मास्तर म्हणाले. त्यांचा आवाज चढला नव्हता. त्यात दुःख होते, आणि तेच मला अधिक लागले. "दोघींना शून्य. सोमवारी मुख्याध्यापकांकडे नावं जातील."

शाळा सुटल्यावर जनी रेल्वेच्या पुलापर्यंत माझ्यापुढे चालत राहिली. मग एकदम वळली. "तुजं तोंड काय मिठानं शिवलं व्हतं? तुजा बाप तुला ओरडंल आन् सोडंल. माजी शाला गेली, बाय." आणि ती कोपरीकडे निघून गेली.

त्या संध्याकाळी मी जेवले नाही. बोलणे शक्य नव्हते; पण शनिवारी भूमितीच्या वह्या तपासायला द्यायच्या होत्या. मी वही उघडली, समास आखला आणि मास्तरांनी शिकवल्याप्रमाणे लिहिले. ते अजून माझ्यापाशी आहे, म्हणून जसेच्या तसे देते:

'प्रमेय: नक्कल केली असेल, तर चुका सारख्या होतात. हे मान्य.
व्यत्यास: चुका सारख्या असतील, तर नक्कल केलेली असते. याची सिद्धता सरांनी दिलेली नाही.
प्रमेय: अपराधी माणूस बोलू शकत नाही. हे सरांनी म्हटले.
मी बोलू शकत नाही. यावरून मी अपराधी ठरते का, हे पाहायचे आहे.'

वही गठ्ठ्याच्या अगदी तळाशी सरकवून मी पळाले. स्वतःच्या मनाने लिहिलेला माझ्या आयुष्यातला तो पहिला मजकूर.

सोमवारी मास्तर वर्गात आले ते फळ्याकडे पाठ करून उभे राहिले. टोपी त्या दिवशी सरळ होती. त्यांनी माझे नाव न घेता वहीतली पहिली दोन विधाने म्हणून दाखवली आणि विचारले, "हा व्यत्यास खरा आहे का?"

"उघडच आहे, सर," पुढच्या बाकावरचा एक जण म्हणाला.

"मलाही शुक्रवारी उघडच वाटलं. जनी, नक्कल न करता दोघींच्या चुका सारख्या होतील, असं एक उदाहरण दे."

जनी माझ्याकडे पाहतच उठली. "सर, हिनंच मना शिकिवलं. हिला येत नव्हतं तेच मना पन नाय आलं."

वर्ग हसला. मास्तर हसले नाहीत. "कुठं शिकवलं?"

"चला दाखवते."

मग तो सगळा तांडा पाण्याच्या खोलीमागे गेला. भिंतीवर कोळशाची आकृती तशीच होती: त, थ, द, ध, आणि खाली ती चुकलेली सिद्धता, ओळीला ओळ. मास्तर धोतराचा सोगा सावरून खाली वाकले आणि बराच वेळ वाचत राहिले.

"या समोरच्या बाजू एवढ्या तिरक्या का?" त्यांनी हळूच विचारले.

"तुमीच तं तशा काढता, सर," जनी म्हणाली.

मास्तर उठले. सर्वांसमोर त्यांनी आम्हां दोघींची क्षमा मागितली; शिक्षकाने विद्यार्थ्याची क्षमा मागितलेली मी तोवर पाहिली नव्हती. नावे मुख्याध्यापकांकडे गेली नाहीत. शून्य खोडले गेले, पण चुकलेल्या सिद्धतेचे गुण त्यांनी दिले नाहीतच. बाकीच्या उत्तरांवर जनी काठावर उत्तीर्ण झाली, आणि पुढे शालान्त परीक्षाही उत्तीर्ण झाली. तिच्या घराण्यात तोवर कोणी तेथवर पोहोचले नव्हते.

दुसऱ्या दिवशी वही परत मिळाली. माझ्या शेवटच्या ओळीखाली तांबड्या पेन्सिलीने लिहिले होते: 'ठरत नाही. व्यत्यास गृहीत धरला. चूक माझी.' आणि त्याखाली पूर्ण सही.

पुढे मी डोंबिवलीत भूमिती शिकवली. फळ्यावर रेषा मी सरळच काढीत असे. मास्तरांइतका धीर मला कधी आला नाही. परंतु दोन उत्तरपत्रिकांत एकच चूक दिसली, की मी आधी विचारी, "तुम्हांला शिकवलं कुणी?" पुष्कळदा उत्तर येई, "बाई, तुम्हीच." आणि वर्गात गप्प बसणाऱ्या मुलींपुढे मी कोरा कागद ठेवीत असे.

आम्ही शालान्त परीक्षेला बसलो त्या वर्षी मास्तर शाळा सोडून कल्याणला भावाकडे राहायला गेले. निरोपाच्या दिवशी एकेक जण पाया पडून काहीतरी चांगले बोलत होता. जनीने तर "सर, टाचांना तेल लावत जा" असे बजावले. माझी पाळी आली. मी नमस्कार केला आणि तशीच उभी राहिले.

"काही म्हणायचंय?"

मी त्यांच्या कललेल्या टोपीकडे पाहत राहिले.

"असू दे," मास्तर म्हणाले. "गप्प बसणाऱ्याला काही म्हणायचं नसतं, हे अजून कुणी सिद्ध केलेलं नाही."

कल्याण किती दूर? मध्ये मोजकी स्थानके. आज जाऊ, सुट्टीत जाऊ, म्हणता म्हणता वर्षे गेली, आणि मग जाऊन उपयोग नाही अशी बातमी आली. त्या दिवशी मला जे म्हणायचे होते, ते त्यांना कळले असेल का?