जळकोट-उमरगा, एकटीनं

उमरग्यातल्या विशेष मुलांच्या शाळेत वनमालाबाई बावीस वर्षं शिकवत होत्या. मूल अठराचं झालं की शाळा संपायची आणि आईबाप त्याला गावी घेऊन जायचे. पुढं कधी बाई भेटायला गेल्या, तर शाळेत स्वतःची वेणी स्वतः घालणारी पोर ओसरीवर नुसती बसलेली असायची आणि तिची वेणी आई घालत असायची. बाईंना ते फार लागायचं.

म्हणून जळकोटची शिवकन्या सतराची झाली, तेव्हापासूनच बाई तिच्यासाठी काम शोधू लागल्या. शिवकन्याला अक्षरं जेमतेम यायची, बोलायलाही वेळ लागायचा. पण कपड्याची घडी घालावी ती तिनंच. कोपऱ्याला कोपरा जुळला नाही तर पुन्हा उलगडायची. उमरग्यातल्याच निवेदिता डॉक्टरांच्या बाळंतपणाच्या दवाखान्यात चादरी-दुपट्यांचे ढीग पडलेले असत. बाईंनी तिला तिथं नेलं. तिथल्या जुन्या शांताक्कांनी पहिल्या दिवशी नाक मुरडलं.

"हिची एक घडी व्हईस्तोवर माझ्या चार व्हतेत."

महिनाभरानं त्याच म्हणाल्या, "बाई, हिला दुसरीकडं कुठं देऊ नगा."

शाळा सुटली तसं वसतिगृहही सुटलं. आता जळकोटहून रोज एसटीनं तासाभराचा रस्ता. आई द्वारकाबाई ऐकेचनात. "लेकरूच हाय हो ते. कुठं उतरंल, कुणासंगं जाईल..."

"मी येते तिच्याबरोबर," बाई म्हणाल्या.

पहिल्या गाडीनं बाई जळकोटला जायच्या, तिला घेऊन यायच्या. संध्याकाळी पुन्हा पोचवायला. पहिला आठवडा शेजारी बसल्या, दुसरा आठवडा दोन बाकं मागं, तिसरा अगदी शेवटच्या बाकावर. जळकोटची पाण्याची मोठी टाकी दिसली की उठायचं, एवढं पक्कं करून घेतलं. चौथ्या आठवड्यात बाई गाडीत चढल्याच नाहीत.

आठ दिवस सुरळीत गेले. नवव्या दिवशी संध्याकाळी साडेसहाला द्वारकाबाईंचा फोन आला. "बाई, पोरगी आली न्हाय!"

बाई मिळेल त्या जीपनं निघाल्या. त्या दिवशी जळकोटच्या पुढं असलेल्या नळदुर्गचा बाजार होता, गाडीत माणसांवर माणसं असणार. उभ्या पोरीला खिडकीतून टाकी दिसणार कशी? नि टाकीशिवाय दुसरी कुठलीच खूण आपण शिकवली नाही, हे बाईंच्या जीपमध्ये बसल्यावर ध्यानात आलं. घरचा नंबर लिहिलेलं कार्ड तिच्या पिशवीत होतं, तरी फोन कुणाचाच आला नव्हता.

त्या घरात शिरल्या तेव्हा शिवकन्या चुलीपुढं बसून भजी खात होती. शेजारी द्वारकाबाई डोळे पुसत होत्या.

"कुठं गेली होतीस गं?"

"नळदुर्ग," शिवकन्या सावकाश म्हणाली. "टाकी दिसली न्हाय. सगळी उतरली, म्या उतरले. एका मावशीला इचारलं, जळकोट? तिनं गाडी दावली."

"मग कार्ड का नाही दाखवलंस कुणाला?"

शिवकन्यानं बाईंकडं नवलानं पाहिलं. "ते हरवल्यावर दावायचं. म्या हरवले न्हाय. म्होरं गेले व्हते."

मग तिनं भज्यांचा कागद बाईंपुढं सरकवला. "आईसाठी आणली. तुमी बी घ्या."

बाईंना हसू आलं. त्यांनी भजं घेतलं.

"उद्यापासून न्हाय जायचं," द्वारकाबाई पुटपुटल्या.

"आई, उद्या चादरी लई हायत. शांताक्का एकटी काय करंल?"

सकाळी द्वारकाबाईंनी डबा भरला आणि तिला सांगितलं, "दाटी असली की कंडक्टरला आधीच सांग, जळकोट म्हणून." हे बाईंनाही सुचलं नव्हतं.

याला आता तीन वर्षं झाली. शाळेतली आणखी चार मुलं उमरग्यात कामाला लागली आहेत. एखादे आईबाप कचरायला लागले, की बाई द्वारकाबाईंनाच बोलावून घेतात. त्या पदर सावरून नळदुर्गची हकीकत पहिल्यापासून सांगतात, आणि कुणी म्हणालं की एकदा पोरीला भेटवा, तर ठसक्यात उत्तर देतात, "गुरुवारी या, सुट्टी असती तिला. बाकी दिवस तिला सवड नसती."