बारकूच्या विडीचा बॅनर

चहा आधी संपवून घेतो, कारण मी काय करून बसलो ते ऐकल्यावर तुम्ही माझ्या हातातला कप काढून घ्याल!

मुरबाडला माझं बॅनरचं दुकान आहे, ते तुम्हाला ठाऊकच. वाढदिवस, दहावीचा निकाल, निवडणूक, श्रद्धांजली, सगळं आमच्याकडे छापून मिळतं. कुणाचं काही चांगलं झालं की मला आधी त्याच्या बॅनरची साइझ दिसते. आता काय करणार, धंदाच तसा!

तर बारकू. माझा शाळेतला दोस्त, वैशाखरे गावात भातशेती करतो. उजव्या कानामागे कायम एक विडी. आंघोळीला तरी काढायचा की नाही, देव जाणे! एका बाजारच्या दिवशी दुकानात आला, गिऱ्हाईक जाईपर्यंत गप्प बसून राहिला आणि मग हळूच म्हणाला, "तू सिगरेट कशी सोडलीस रे?"

त्याची लेक बाळंतपणाला माहेरी आली होती. मुलगी झाली. आरोग्य उपकेंद्रातल्या नर्सताईंनी बारकूला बजावलं होतं, विडी ओढून बाळाला जवळ घ्यायचं नाही. आणि हा तर दिवसभर ओढणारा. म्हणजे घ्यायचं कधी? बिचारा ओटीवर बसून लांबूनच पाळण्याकडे बघायचा.

"नर्सताईनं चघळायच्या गोळ्या दिल्यात," तो म्हणाला. "लेक आटगावला सासरी जायच्या आधी एकदा तरी नातीला मांडीवर घेयाचीय. पण कोनाला सांगू नको हां!"

आता मी सिगारेट कशी सोडली होती? चौकात दहाजणांसमोर शपथ घेऊन! मग लाजेपायी तोंडाला लावली नाही. मला वाटलं, हेच रामबाण औषध. गोळ्या कसल्या चघळतोस?

सांगू नको म्हणाला होता ना? शप्पथ, मी एका माणसाला सांगितलं नाही. मी छापलं!

दहा बाय सहाचा फ्लेक्स. 'आमचे लाडके बारकूशेठ यांनी विडी सोडल्याबद्दल हार्दिक अभिनंदन!' खाली 'शुभेच्छुक' म्हणून माझा फोटो, बारकूपेक्षा थोडासा मोठा. थोडासाच! बारकूचा फोटो एका लग्नातला घेतला. घाईत कानामागची विडी पुसायची राहून गेली.

वैशाखऱ्याच्या फाट्यावर, माळशेजच्या रस्त्याला, सकाळी सकाळी लावून आलो. काय समाधान वाटलं म्हणून सांगू!

दुपारपर्यंत घाटात फिरायला निघालेले लोक गाड्या थांबवून बॅनरसोबत सेल्फी काढत होते. बारकू दिसताच एसटीचा ड्रायव्हर खिडकीतून ओरडला, "काय बारकूशेठ, कानामागची कधी सोडताय?" टपरीवाला त्याला साधी काडेपेटीसुद्धा देईना. सरपंच म्हणे, शाल-श्रीफळ देऊ. बारकूनं विडी सोडून जेमतेम दोन दिवस झाले होते हो!

तिसऱ्या दिवशी त्याचा ताबा सुटला. ओढ्यापलीकडे करवंदीच्या जाळीत बसून त्यानं एक ओढली. आता नर्सताईंनी त्याला आधीच सांगून ठेवलं होतं, चुकलं तर चुकलं, माझ्याकडे या, पुन्हा सुरू करू. तो निघालाही होता. पण वाटेत तिघांनी अडवून अभिनंदन केलं. तोंडाला विडीचा वास, आणि लोक हात मिळवतायत! तो तिथूनच मागे फिरला. गोळ्या बंद, उपकेंद्र बंद, आणि विडी आधीपेक्षा दुप्पट.

नर्सताई थेट दुकानात आल्या.

"भाऊ, त्यांना कसली मदत हवी, ते विचारलं होतं का तुम्ही?"

"मला जसं जमलं, तसंच त्याला..."

"तुम्हाला टाळ्या लागतात," त्या म्हणाल्या. "कुणाला गोळ्या लागतात, कुणाला नुसतं सोबत बसणारं माणूस. त्यांना गुपचूप करायचं होतं."

मला इतकं वाईट वाटलं, इतकं वाईट वाटलं, की मी कॉम्प्युटरवर बसलो आणि 'बारकू, मला माफ कर' असा बॅनर बनवला! बायकोनं मागून बघितलं आणि सरळ मशीनचं बटण बंद केलं. म्हणून वाचलो.

मग स्वतःच शिडी घेऊन फाट्यावर गेलो, बॅनर उतरवायला. वर दोऱ्या सोडतोय, तेवढ्यात खाली जीप येऊन थांबली. बारकूची लेक सासरी निघाली होती, तो फाट्यापर्यंत पोचवायला आलेला. तिनं बाळ पुढे केलं. "घे ना बाबा."

बारकूनं दोन्ही हात मागे नेले. "नको गो. आताच वढलीय."

जीप गेली. मी शिडीवर, हातात त्याचंच हसरं तोंड. त्यानं वर बघितलं, पण शिवी दिली नाही. दिली असती तर बरं झालं असतं. फ्लेक्स तेवढा मागून घेतला आणि घरी गेला.

त्यानंतर वर्षभर तो दुकानात फिरकला नाही. परवा मीच धीर करून गेलो. बघतो तर ओटीवर बारकू, मांडीवर आजोळी आलेली नात, आणि ती त्याचा उजवा कान ओढतेय. कान मोकळा!

"अरे! कधी सोडलीस?"

"आठ महिने झाले."

"आठ महिने? आणि कुणाला पत्ता नाही?"

"सगल्यांना हाय," तो म्हणाला. "टपरीवाला विडी देत नाय, सरपंच रोज सकाली चालायला संगती येतो. मना सगल्या गावानं सांभालला रे. नर्सताईनं त्यांना एकच काम सांगितला होता."

"कोणतं?"

"तुला कलू द्यायचा नाय."

पोरीच्या पहिल्या महिन्यांची ती मांडी माझ्या फ्लेक्सनं खाल्ली, ती कुठून परत देऊ? मान खाली घालून गोठ्याच्या बाजूनं निघालो. छपरावर तोच बॅनर अंथरलेला. बारकूचा फोटो कापून काढला होता. माझा तेवढा ठेवला होता, आतल्या बाजूला, म्हशीच्या बरोबर डोक्यावर, 'शुभेच्छुक' या शब्दासकट.